फाळक्यावरचे दिवे

वारंगा फाट्यावर चौकात एक फ्लेक्स लागला आहे. वर धर्मसिंग चव्हाण यांचा फोटो, त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आणि त्याखाली तीन विशेषणं: मितभाषी, मनमिळाऊ, सर्वांचे लाडके. आज संध्याकाळी तो वाचला तेव्हापासून माझं डोकं ठणकत आहे.

धर्मसिंग मितभाषी नव्हते. फाट्यावर एसटीतून उतरणाऱ्याला आधी त्यांचा आवाज ऐकू यायचा, दुकान नंतर दिसायचं. मनमिळाऊ तर मुळीच नव्हते. गिऱ्हाइकाशी भांडल्याशिवाय त्यांचा हातच चालत नसे. आणि सर्वांचे लाडके? ज्यांनी त्यांच्या दुकानाकडे पाठ फिरवली, त्यांच्याच वर्गणीतून तो फ्लेक्स झाला आहे. खाली नावं छापली आहेत. मी एकेक वाचली. त्यात माझे दीर ग्यानबासुद्धा आहेत.

म्हणून हे लिहायला बसले. घरात सगळे झोपले आहेत. माझा मुलगा माऊली लग्नाचा जनरेटर घेऊन साखऱ्याकडे गेलाय, अजून परतलेला नाही. त्यामुळे मला झोप नाहीच.

धर्मसिंगांचा तांडा फाट्याच्या जवळच. आजोबांच्या काळी त्यांच्या घरचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य वाहत. वडिलांनी शेती केली. धर्मसिंगांना बैलही नको होते आणि शेतीही. ते नांदेडला एका गॅरेजात राहून वायरिंग शिकले आणि फाट्यावर पत्र्याचं दुकान टाकलं. जीप, ट्रक, ट्रॅक्टर, काहीही आलं की आधी वाकून बघायचे आणि ओरडायचे, “कोणत्या गाढवानं जोडलंय हे?” पुष्कळदा ते त्यांनीच जोडलेलं असे. कोणी तसं म्हटलं तर त्याच्यावर दुप्पट ओरडत. कामावर पांढराच शर्ट घालायचे आणि प्रत्येक शर्टाला बॅटरीच्या अॅसिडची भोकं. त्यांच्या पत्नी जिवनबाई डबा घेऊन आल्या की म्हणायच्या, “ह्यांच्या शर्टातून पीठ चाळून घ्यावं.”

आणि नावाचा सोस. दिवा लावला की त्याच्याखाली लाल रंगानं लिहायचे, ‘धर्मसिंग, फाटा’. गावोगावच्या गाड्यांवर ते नाव होतं.

हिंगोली जिल्हा झाला त्या साली आमच्या घरी नवी ट्रॉली आली. ट्रॅक्टर आधीचाच होता, ग्यानबांच्या ताब्यात. आमचा माऊली बारावीला दोन विषयांत राहिला होता. मी बी.ए. झालेली, मला वाटत होतं पोरानं पुन्हा परीक्षेला बसावं. घरात मात्र आधीच ठरून गेलं होतं की ऊस सुरू झाला की माऊली ट्रॅक्टरवर. मला विचारलं नाही, सांगितलं. मी भांडले, हरले. मग एकच अट घातली. ट्रॉलीला मागे लाल दिवे हवेत.

ही अट मी हवेतून आणली नव्हती. आदल्या हंगामात मी अंधार पडताना बाळापूरहून जीपने येत होते. ड्रायव्हरने एकदम ब्रेक दाबला आणि समोरच्या काचेला उसाची टोकं टेकली. पुढे ट्रॉली होती हे त्याला तोपर्यंत दिसलंच नव्हतं. आता तसल्या ट्रॉलीच्या पुढे माझं पोरगं बसणार होतं.

“वैनी, ट्रॅक्टरला पुढं दोन दिवे हायत की,” ग्यानबा म्हणाले. “मागं बघायचं काय काम माऊलीला?”

“मागून येणाऱ्याला दिसायला नको?”

“मागच्यानं बघून चालवावं.”

आणि चार दिवसांनी तेच म्हणाले, “चला वैनी, लावू तुमचे दिवे.” मला वाटलं, माझं ऐकलं. मी स्वतःच त्यांच्याबरोबर फाट्यावर गेले.

“ए धर्म्या,” ग्यानबांनी ट्रॅक्टरवरूनच हाक मारली.

“धर्म्या तुमच्या घरी आसंल. इथं धर्मसिंग. बोला.”

मला ते तिथेच थोडे बरे वाटले. ग्यानबा तांड्यातल्या पांढऱ्या केसांच्या माणसालाही अरेतुरे करत, आणि त्यांना असं उलट कोणी बोललेलं मी पाहिलं नव्हतं.

धर्मसिंगांनी ट्रॉलीभोवती चक्कर मारली. दिवे खाली चासीला लावाल का म्हणून कोणी विचारलंही नव्हतं, तरी ते तावातावाने नाही म्हणाले. कोपऱ्यातली पाटी ओढून दाखवली. पाटीभर फुटक्या लाल काचा. “खाली लावले की कारखान्यावर मागची ट्रॉली येऊन ठोकते. मग गिऱ्हाईक मला म्हणते, धर्मसिंगचा माल कच्चा. आता मी वरीच लावतो. फाळक्यावर. माणसाच्या छातीइतकं उंच, कोसावरून दिसंल.”

फाळका म्हणजे ट्रॉलीची मागची झडप. नवाकोरा, निळ्या रंगाचा. त्यावर त्यांनी दोन दिवे बसवले. ट्रॅक्टरपासून वायर नळीतून चासीखालून नेली. ब्रेकच्या पायाशी एक बटण जोडलं, म्हणजे पाय दाबला की दिवे जास्त उजळतात. “ट्रॉलीला ब्रेक न्हाई बाई,” ट्रॉलीखालून ते मला सांगत होते. “सगळा लोड एकट्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. म्हणून मागच्याला आधी सांगावं लागते, मी थांबून राहिलो म्हणून.”

“उसाला चालवायची आहे ही,” मी म्हटलं. एकदा नाही, दोनदा.

“वैनी, त्याला काम करू द्या,” ग्यानबा मध्येच बोलले.

मला मागे उभं केलं. पुढून आवाज आला, “पेटला का?”

“पेटला.”

“डावा?”

“तोही.”

मग त्यांनी ब्रश घेतला आणि दिव्यांखाली आपलं नाव लिहिलं.

दिवाळीनंतर ऊस सुरू झाला. पहिली ट्रॉली दुपारी भरून गेली. मी ऊसतोडीच्या टोळीवाल्यांना चहा दिला, माऊलीला नारळ फोडायला लावला, आणि त्या दिवशी खरोखर निर्धास्त होते. दिवस मावळताना म्हशीला पेंड घालायला गोठ्यात गेले तर भिंतीला निळा फाळका टेकवून ठेवलेला. वासरू त्याला मान घासत होतं. दोन लाल दिवे, खाली ‘धर्मसिंग, फाटा’. वायर पिळून खिट्टीला गुंडाळलेली.

उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या मागे हातभर बाहेर येतात. ऊस भरायचा तर फाळका काढावाच लागतो. इतकी वर्षं मी उसाच्या ट्रॉल्या बघत होते, पण दिवे फाळक्यावर आणि फाळका घरी, हे मला त्या गोठ्यात कळलं. दिवे माझ्यासमोर होते आणि माऊली अंधारात रस्त्यावर.

ग्यानबा ओसरीवर जेवत होते, मी चुलीशी भाकऱ्या टाकत होते.

“भाऊजी, फाळका घरी कसा?”

“फाळका लावून ऊस कसा भरावा?”

“हे तुम्हाला दिवे लावताना माहीत होतं?”

“सगळ्यालाच माहीत हाय, वैनी.”

“मग लावले कशाला?”

ते हसले. मला ते हसणं अजून ऐकू येतं. “ऊस वाहायचा नंबर भेटाया. कारखान्याचा माणूस रिकामी ट्रॉली बघते. दिवे हायत, नंबर घे, चल. ह्या भागात सगळ्याचे फाळके घरीच हायत.”

माझे मालक शेजारीच बसले होते. त्यांना म्हटलं, “तुम्हालाही माहीत होतं?” ते म्हणाले, “आता सकाळी बघू.” मी तव्यावरची भाकरी तशीच ठेवून उठले. एका घरातली माणसं, त्याच पोराचा बाप, त्याच पोराचा काका. आणि सगळ्यांना माहीत होतं.

माऊली दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर आला. तो उतरला तशी मी ट्रॅक्टरची चावी काढून पदराला बांधली.

“वैनी, टोळी बसून हाय वावरात,” ग्यानबा ओरडले. “मुकादम शिव्या देऊन राहिला.”

“देऊ द्या. फाळका ट्रॉलीत टाका. फाट्यावर जायचंय.”

“बाईमाणसानं चावी...”

“चावी पाहिजे तर माझ्या पदराला हात लावून घ्या.”

घेतली नाही त्यांनी. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले. आमच्या गावात तोवर कुणाची सून अशी बसली नव्हती. चावी माऊलीच्या हातात दिली तेव्हा तो पुटपुटला, “आई, लोक बघून राहिले.” म्हटलं, बघू दे.

धर्मसिंग एका जीपच्या बॉनेटमध्ये डोकं घालून होते. मी फाळका त्यांच्या पायाशी टाकायला लावला. रागाने माझा आवाज फाटत होता.

“हे तुमचं काम? हे दिवे माझ्या गोठ्यात कोसावरून दिसतात. म्हशीला रस्ता दाखवतात. उसाला फाळका काढतात हे तुम्हाला माहीत नाही? इतक्या ट्रॉल्या केल्या, कधी वावरात जाऊन बघितलं नाही?”

“मी काहून जाऊ वावरात?” ते तितक्याच जोरात. “माझ्याकडं ट्रॉली रिकामी येते. काढून काय भरता ते तुमचं तुमी सांगायचं. मी काय जोतिषी हाय?”

“मी दोनदा सांगितलं!”

“मी खाली होतो! खाली ऐकू येते का? वर येऊ द्या, मग सांगा! आणि हा तुमचा ग्यानबा शेजारी उभा होता. त्यानं काहून न्हाई सांगितलं?”

“कारण त्यांना नंबर हवा होता. दिवे नको होते.”

ते थांबले. हातातला पाना तसाच. “म्हणजे?”

“म्हणजे कारखान्याला दाखवायला दिवे. ऊस भरला की फाळका घरी. तुम्ही केलेल्या सगळ्या ट्रॉल्यांचे.”

“सगळ्या?”

“सगळ्या. सगळ्यांना माहीत आहे. मला नव्हतं आणि तुम्हाला नव्हतं.”

मला वाटलं होतं ते ओशाळतील. ते ओशाळणाऱ्यातले नव्हते. त्यांचा चेहरा आधी काळवंडला, मग लाल झाला. “माझं नाव गोठ्यात?” ते म्हणाले. “धर्मसिंग, फाटा, गोठ्यात? आन् हे भाडे इथं बसून माझा चहा पितात? रोज म्हणतात, धर्मसिंग, तुझी लाईट लई झकास!” माणसं मरतील याचा राग त्यांना आधी आला की नावाचा, मला आजही सांगता येणार नाही. मला त्याचं काही नव्हतं. माझ्या घरात एवढा राग कोणालाच आला नव्हता.

जीप तशीच सोडून ते कामाला लागले. फाळक्यावरचे दिवे उपसून काढले. बॅटरीच्या खोक्याची जाड फळी घेतली, त्यावर दिवे ठोकले, सळई वाकवून दोन आकडे केले. फळी उसावर आवळलेल्या दोराला मागून अडकवायची. चासीच्या टोकाला एक सॉकेट बसवलं, फळीच्या लांब वायरला पिन. ऊस उतरवताना पिन काढून फळी सीटखाली ठेवायची. “ऊस कितीक बाहेर येते?” त्यांनी माऊलीला विचारलं. माऊलीने हात पसरून दाखवलं. त्यांनी वायर त्याच्या दुप्पट सोडली. ही गोष्ट त्यांनी याआधी कुणालाच विचारली नव्हती.

त्या दिवसापासून धर्मसिंग फाट्यावर लोकांना नकोसे झाले. कोणी बॅटरी चार्ज करायला आणली तर म्हणायचे, “फळी हाय का?” नसली तर कामच नाही. फळी बनवून देण्याचं काही घेत नसत, त्यामुळे लोकांना जास्तच संशय. संध्याकाळी दुकान सोडून रस्त्यावर उभे राहत आणि दिव्याविना ट्रॉली दिसली की फाटा दणाणून जाई, “ए भाड्या, नागड्या बुडानं कुठं चालला?” बायका तोंडाला पदर लावत. मलाही ते ऐकवत नसे. एकदोघांनी त्यांना ढकललं. ग्यानबा पारावर म्हणाले, “लमाणाला काय करायचं आमच्या बुडाशी?” आणि सगळे हसले. रस्त्याच्या पलीकडे दुसरं दुकान निघालं. तिथला माणूस निवांत फाळक्यावर दिवे लावून द्यायचा. ट्रॅक्टरवाले सगळे तिकडे गेले.

संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस अंधार पडता पडता एक जीपवाला दारात थांबला. “काकू, तुमचा ट्रॅक्टर फाट्यावर धरून ठेवलाय.” “कोणी धरला? माऊली?” “माऊली बरा हाय,” तो म्हणाला, “गाल सोडून.”

त्याच जीपने गेले. भरलेली ट्रॉली कडेला उभी. माऊली दुकानाच्या बाकावर खाली मान घालून. डाव्या गालावर पाच बोटं.

“माझ्या पोरावर हात उचलायचा तुम्हाला कोणी अधिकार दिला?” मी धर्मसिंगांवर धावूनच गेले.

“त्यानंच,” ते म्हणाले. “सीटखाली बघा.”

सीटखाली फळी होती, पोत्यात गुंडाळलेली. वायर नीट वेटोळं करून ठेवलेली. म्हणजे हे रोजचं होतं. गावाबाहेर पडला की काढायचा, निघताना तेवढी लावायचा. माझ्यासाठी.

“का रे?” मी विचारलं.

“सगळे हसतात, आई,” माऊली रडवेला झाला. “म्हणतात, आईनं कुंकू लावून पाठवलं का ट्रॉलीला.”

धर्मसिंग उठलेच. “कोण म्हणते? नाव सांग! तो ट्रॅक्टरवाला संतराम का? त्याच्या बॅटरीत मी पाणी घातलं, मी!” आणि तसेच रस्त्यावर गेले, जे कोणी येईल त्याला जाब विचारायला. ते एकटेच तिकडे ओरडत होते. मी माऊलीसमोर उभी होते. इतकी भांडले होते मी त्या फळीसाठी, पण त्याच्याशी कधी बोलले नव्हते. शेवटी एवढंच म्हणाले, “मी रोज तुझ्या ट्रॅक्टरचा आवाज येईपर्यंत जागी असते. त्या पोरांना सांग, हसायचं तर मला हसा.”

त्याने डोळे पुसले. मग उठला, पोतं सोडलं आणि मोळ्यांवर चढून आकडे दोराला अडकवले. पिन लावली. पुढे जाऊन बसला. कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी मागे जाऊन उभी राहिले.

“पेटला का?” पुढून त्याचा आवाज आला.

“पेटला.”

“डावा?”

“तोही.”

ट्रॅक्टर निघाला. वळणापर्यंत दोन लाल ठिपके दिसत राहिले. वळणावर त्याने ब्रेक दाबला तसे ते उजळले. धर्मसिंग माझ्या मागे येऊन उभे होते. मला वाटलं काही बरं बोलतील.

“डावा जरा कमी लागून राहिला,” ते म्हणाले. “कोणत्या गाढवानं जोडला?”

मी त्यांचे आभार मानले नाहीत. थोबाडीत मारल्याचा राग मी पुढे पुष्कळ दिवस ठेवला, आणि तसं त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, “ठेवा.” त्यांचं दुकान पुढे उतरणीलाच लागलं. जिवनबाई दुसऱ्याच्या कापसात जायला लागल्या. तरी संध्याकाळचं ओरडणं बंद झालं नाही. माऊलीने पुढे पिकअप घेतली, मागे लग्नाच्या जनरेटरचा गाडा ओढतो. त्याच्या दिव्यांचं वायरिंग धर्मसिंगांनीच केलं, छातीत दुखायला लागलं होतं तेव्हा, खुर्चीवर बसून, निम्मं हाताने आणि निम्मं शिव्यांनी.

आज फ्लेक्स वाचून मी तशीच दुकानात गेले. त्यांचा मुलगा रामसिंग आता तिथे बसतो. माऊली रस्त्याच्या कडेला जनरेटरच्या गाड्याची पिन तपासत होता.

“रामसिंग, ते मितभाषी काढ तिथून,” मी म्हटलं.

“काकू, फ्लेक्सवर आसंच लिहितात.”

“कोणी लिहायला सांगितलं?”

“ग्यानबा काकांनी. ते म्हणले, मेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं.”

मी पुढे काही बोलणार तेवढ्यात उसाची एक ट्रॉली आली. मागे दिवा नाही. दिव्याऐवजी एका दोरीला जुनी सीडी लटकावलेली, गोल गोल फिरत होती. फ्लेक्ससमोरून ती निघाली आणि माऊली पिन सोडून रस्त्याच्या मधोमध गेला. माझा माऊली, जो घरात आवाज चढवून बोलत नाही.

“ए भाड्या!” तो ओरडला. “नागड्या बुडानं कुठं चालला?”

चौकातली माणसं वळून बघायला लागली. रामसिंगने माझ्याकडे पाहिलं. मी पोराला गप्प करीन असं त्याला वाटलं असावं. ट्रॉली थांबेना.

“आणखी जोरात,” मी म्हटलं.